मराठी सिनेमाचा पैसा आणि प्रसिद्धी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी सिनेमांच्या प्रसिद्धीचं काम मी गेली पंधरा-सोळा वर्षं करतो आहे. पोस्टरवरच्या मजकुरापासून थिएटरच्या मॅनेजरला फोन करण्यापर्यंत सगळं. एवढ्या काळात नवे निर्माते, दिग्दर्शक, पत्रकारिता शिकणारी मुलं आणि सिनेमावेडे प्रेक्षक मला साधारण तेच प्रश्न विचारत आले. फोनवर बोलताना निम्मं उत्तर राहून जातं, म्हणून इथे नीट लिहून काढतो आहे.

सिनेमा चांगला असेल तर तो आपोआप चालत नाही का?

चालतो, पण त्याला थिएटरात तेवढे दिवस राहू दिलं तर. आपल्याकडे ज्याला माऊथ पब्लिसिटी म्हणतात, ती पसरायला चार-पाच दिवस लागतातच. कुणीतरी शनिवारी बघतं, रविवारी जेवताना घरी सांगतं, सोमवारी ऑफिसात विषय निघतो आणि ऐकणारा म्हणतो, चला, या शनिवारी जाऊ. तो शनिवार उजाडेपर्यंत सिनेमा थिएटरात असायला हवा. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली मुंबईच्या सेंट्रल सिनेमात पन्नासहून जास्त आठवडे चालला. एवढ्या मुक्कामात लांबच्या गावातल्या माणसापर्यंतही बातमी पोचते आणि तो गाडीत बसून येतो. आज शुक्रवारी लागलेल्या सिनेमाचा निकाल रविवारी रात्री लागलेला असतो आणि सोमवारपासून त्याचे शो दुसऱ्या कुणाला तरी दिले जातात.

एक शुक्रवार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. एका नव्या दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा होता. पुण्याबाहेरच्या एका मल्टिप्लेक्समध्ये सकाळी सव्वादहाचा शो. मुलाचा सिनेमा बघायला त्याचे आईवडील गावाहून पहाटेच्या एसटीने आले होते. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, आईच्या पिशवीत सगळ्यांना वाटायला पेढे. काऊंटरवर गेलो तर कळलं, आगाऊ तीनच तिकिटं गेली होती, त्यामुळे शो रद्द झाला. वडिलांनी पाकीट काढलं आणि म्हणाले, "किती कमी पडतायत? ती मी घेतो." पण तोवर शो कॉम्प्युटरवरून काढून टाकला होता. पेढे आम्ही पार्किंगमध्ये उभं राहून खाल्ले. सिनेमा खरोखर चांगला होता. तो शहरात लागलाय हेच कुणाला माहीत नव्हतं.

माझ्या मते जाहिरातीचं काम एवढंच आहे: पहिल्या तीन दिवसांत पुरेशी माणसं खुर्चीत आणून बसवायची. चौथ्या दिवसापासून सिनेमा आपलं आपण बघतो. वाईट सिनेमाला जाहिरात फार तर शनिवारपर्यंत ओढते, पण चांगल्या सिनेमाला ती सोमवार दाखवते. माझ्या लेखी सगळं मोल या सोमवारचं आहे.

शंभर कोटींचा धंदा म्हणजे निर्मात्याच्या हातात शंभर कोटी येतात का?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की पहिल्यांदा पैसे घालणारे लोकही त्याच हिशेबाने उतरतात. त्यामुळे एक तिकीट घेऊन बघू.

समजा तिकीट २०० रुपयांचं आहे. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे त्यातले साधारण ३० रुपये सरकारजमा. उरले १६९. याला धंद्यात 'नेट' म्हणतात. आता थिएटरचा वाटा. २००९ साली हिंदी निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा तंटा झाला, जवळजवळ दोन महिने मल्टिप्लेक्सना नवे हिंदी सिनेमे मिळाले नाहीत आणि शेवटी वाटणीचं एक सूत्र ठरलं: पहिल्या आठवड्यात नेटचे ५० टक्के वितरकाकडे, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३०. ढोबळमानाने हेच प्रमाण धरलं तर पहिल्या आठवड्यात आपल्या वाट्याला आले ८५ रुपये. वितरकाचं कमिशन दहा टक्के धरा, म्हणजे राहिले ७६. त्याशिवाय सिनेमा डिजिटल प्रोजेक्शनवर दाखवायचा म्हणून प्रत्येक पडद्यामागे जे शुल्क भरावं लागतं ते वेगळं.

म्हणजे एक कोटी रुपये परत यायला पहिल्या आठवड्यात एक लाख तीस हजारांहून जास्त तिकिटं विकली गेली पाहिजेत. हा आकडा मी प्रत्येक नव्या निर्मात्याला कागदावर लिहून देतो. पुढच्या आठवड्यांत वाटा घटत जातो, त्यामुळे तिकिटं आणखी लागतात.

पेपरात 'कमाई' म्हणून छापून येतं ते बहुतेक वेळा ग्रॉस, म्हणजे करासकट सगळा गल्ला, किंवा नेट असतं. निर्मात्याच्या हाती येतो तो 'शेअर', आणि तो सहसा कुणी छापत नाही.

सिनेमाच्या बजेटमध्ये जाहिरातीचा खर्च धरलेला असतो का?

असायला हवा, पण नव्या निर्मात्यांकडे तो बहुतेकदा नसतो. मराठी सिनेमाच्या दुखण्याचं मूळ मला इथेच दिसतं.

होतं असं, की शूटिंगचे दिवस वाढतात, पावसात दोन दिवस वाया जातात, डबिंगला कलाकाराच्या तारखा मिळत नाहीत आणि दरवेळी "प्रमोशनचं नंतर बघू" असं म्हणत त्या रकमेला हात लागतो. पहिली कॉपी निघते तेव्हा खात्यात काही उरलेलं नसतं. मग रिलीजच्या तीन आठवडे आधी मला फोन येतो. अडीच कोटींचा सिनेमा, वर्षभराची मेहनत, आणि लोकांना कळवायला हाताशी चार-पाच लाख.

माझं म्हणणं साधं आहे. मुहूर्ताच्या आधीच प्रसिद्धीची रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याच्या चेकवर दोघांच्या सह्या ठेवा. चित्रीकरणाचे चार दिवस कमी करावे लागले तरी चालतील. पटकथेतलं एखादं महागडं दृश्य कापून अख्खा सिनेमा लोकांपर्यंत पोचत असेल, तर ते दृश्य कापावं. हे मी दिग्दर्शकाच्या तोंडावर सांगतो, आणि त्याला राग आला तरी सांगतो.

जाहिरातीचं हे वेड अलीकडचं ना? पूर्वीचे लोक तर निव्वळ कलेसाठी सिनेमा करायचे.

दादासाहेब फाळक्यांचंच बघा. त्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, हे आपण भक्तिभावाने सांगतो. पण भांडवल उभं करायला फाळक्यांनी काय केलं, तर कुंडीतला वाटाणा रुजून त्याचा वेल कसा वाढतो हे एकेक चित्र घेत टिपलं आणि तो छोटा चित्रपट पैसे लावू शकणाऱ्या माणसाला दाखवला. 'मला हे येतं, पुढचं करायला पैसे द्या' हे सांगण्याचा याहून सुंदर मार्ग मला माहीत नाही.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्याआधी २१ एप्रिलला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खास खेळ झाला होता. शहरातली प्रतिष्ठित मंडळी आणि वर्तमानपत्रवाले बोलावले होते. आज आपण ज्याला प्रीमियर आणि प्रेस शो म्हणतो तेच हे. कोरोनेशनमधल्या कार्यक्रमात सिनेमाच्या जोडीला नाच, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचा खेळही होता, कारण निव्वळ सिनेमावर लोक तेवढे पैसे टाकतील याची खात्री नव्हती. सुरतेला सुरुवातीला गल्ला जेमतेम भरला. तेव्हा फाळक्यांनी ५७,००० चित्रं, दोन मैल लांबीची फिल्म आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत अशी जाहिरात केली, असं सांगतात. गिऱ्हाइकाला काय भुरळ घालेल हे या माणसाला अचूक कळत होतं. खरं तर ते छपाईच्या व्यवसायातून आलेले होते, रविवर्म्यांच्या छापखान्याशी त्यांचा संबंध होता. चित्र घरोघरी कसं पोचतं हे त्यांनी तिथे पाहिलं होतं.

आणि कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. नावातच पेंटर. नाटकांचे पडदे रंगवणारा हा कलावंत सिनेमाकडे वळला आणि आपल्या मूकपटांची पोस्टरं त्याने स्वतः चितारली. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे भारतीय सिनेमाच्या टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या पोस्टरांपैकी एक मानलं जातं. सिनेमाचा काळ गेला, जाहिरात मात्र कलाकृती म्हणून जपली गेली. पोस्टर म्हणजे दुय्यम काम असं मानणाऱ्या प्रत्येक तरुण दिग्दर्शकाला मी हे चित्र दाखवतो.

मराठी सिनेमाला प्राइम टाइम का मिळत नाही? सरकारने नियम केला होता ना?

केला होता. २०१५ च्या एप्रिलमध्ये मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं गेलं. त्यावर गदारोळ झाला आणि पुढे प्राइम टाइमची व्याख्याच दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली गेली. दुपारी साडेबाराचा शो कागदावर प्राइम टाइम ठरला. पण नोकरी करणारा माणूस मंगळवारी दुपारी साडेबाराला सिनेमाला कसा जाणार?

भांडण जुनंच आहे. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर थिएटरात जागा मिळेना, देव आनंदच्या हिंदी सिनेमाला ती द्यायची होती. बाळासाहेब ठाकरे आणि शिवसैनिक मध्ये पडले तेव्हा 'सोंगाड्या' लागला, आणि मग असा चालला की दादांना मागे वळून पाहावं लागलं नाही. धाकाने शो मिळाला हे खरं. पण खुर्च्या दादांच्या विनोदाने भरल्या, आणि त्यानंतर थिएटरवाले आपणहून त्यांच्या तारखा धरून ठेवायला लागले.

मॅनेजरची बाजूही सांगितली पाहिजे. त्याला वीजबिल, एसी, भाडं आहे, आणि रिकाम्या हॉललाही तेवढाच खर्च येतो. म्हणून मी मागताना सहा शो मागत नाही. दोन मागतो, पण वेळ संध्याकाळची मागतो, आणि त्या दोनाला माणसं आणायची हमी घेतो. सहा रिकाम्या शोंपेक्षा दोन भरलेले शो सोमवारी जास्त उपयोगी पडतात.

अनुदान मिळतं, मग तोटा कसा?

राज्य सरकारच्या योजनेत परीक्षण होऊन 'अ' दर्जा मिळालेल्या सिनेमाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख अशी रक्कम ठरलेली होती. छोट्या निर्मात्याला तिचा मोठा आधार झाला, कित्येक चांगले दिग्दर्शक त्यामुळे दुसरा सिनेमा करू शकले. पण हे पैसे सिनेमा पूर्ण झाल्यावर येतात. रिलीजच्या आठवड्यात रोख लागते, ती त्यातून मिळत नाही. माझी मनापासून इच्छा आहे की या मदतीतला काही भाग फक्त प्रदर्शनासाठी, प्रदर्शनाआधी आणि थेट थिएटर-जाहिरातीच्या बिलांवर मिळावा.

चॅनेल पाठीशी असलं की सिनेमा चालतोच का?

चालतोच असं नाही, पण लोकांना कळतो नक्की. झी टॉकीज २००७ साली सुरू झालं, २०१० च्या सुरुवातीला 'नटरंग' आला, आणि टीव्हीवर गाणी सतत वाजत राहिली तर थिएटर कसं भरतं हे सगळ्यांनी पाहिलं. जाहिरातीची जागा निर्मात्याला विकत घ्यायची झाली तर परवडणार नाही. चॅनेलच भागीदार असेल तर ती जागा घरचीच असते.

'सैराट'चं उदाहरण सगळे देतात, मीही देतो, पण थोड्या वेगळ्या कारणासाठी. २९ एप्रिल २०१६ ला, उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर, तो लागला तेव्हा अजय-अतुलची गाणी लग्नाच्या वरातींत आधीच पोचली होती. त्या संगीतासाठी अमेरिकेत जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण केलं होतं. गाण्यावर खर्च झाला तो कलेचा खर्च होता आणि तोच जाहिरातीचाही. नायक-नायिका कुणाला माहीत नव्हते, पण गाणं गावागावात माहीत होतं. पुढे काही ठिकाणी मध्यरात्रीनंतरचे शो लावावे लागले. नागराज मंजुळ्यांच्या कथेत दम होता म्हणून लोक दुसऱ्यांदा आले. पहिल्यांदा त्यांना गाण्याने आणलं.

महोत्सवात बक्षीस मिळालं की प्रेक्षक येतात का?

थोडे येतात. राष्ट्रीय पुरस्कारातलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मराठीला 'श्यामची आई' नंतर थेट पन्नास वर्षांनी 'श्वास'ने मिळवून दिलं, पुढे 'कोर्ट' आणि 'कासव' आले. 'श्वास' २००४ साली ऑस्करसाठी भारतातर्फे गेला तेव्हा एक वेगळीच गोष्ट लोकांच्या लक्षात आली: तिथे सिनेमा पाठवून भागत नाही. मतदारांना तो दाखवावा लागतो, त्यासाठी हॉल घ्यावे लागतात, जाहिराती द्याव्या लागतात, माणूस तिथे मुक्कामाला ठेवावा लागतो. त्या खर्चासाठी महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली. नामांकन मिळालं नाही. पण सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी सामान्य माणसाने खिशात हात घालावा, हे त्याआधी मी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

बक्षिसाचा खरा उपयोग तारीख जुळली तर होतो. पुरस्काराची बातमी मे महिन्यात आणि सिनेमा पुढच्या जानेवारीत, असं झालं की पोस्टरवर पुरस्काराची खूण म्हणून छापलेली पानांची चिन्हं फक्त शोभेला उरतात.

नाटकाला ही अडचण का येत नाही?

येते, पण वेगळ्या रूपात. नाटकाचा कलाकार 'नाईट' घेतो, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे. नेपथ्य सोडलं तर खर्च प्रयोगागणिक होत राहतो आणि गल्लाही प्रयोगागणिक येतो. नाही चाललं तर निर्माता दहाव्या प्रयोगाला थांबू शकतो. सिनेमाचा सगळा खर्च पहिलं तिकीट फाडण्याआधीच झालेला असतो.

रिव्ह्यू आणि त्यात सिनेमाला दिलेले स्टार विकत मिळतात का?

सोशल मीडियावर पैसे घेऊन सिनेमाचं कौतुक करणारे आहेत. पैसे घेतले असतील तर तशी पट्टी टाकावी, असे जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत. सगळे पाळत नाहीत. माझा नियम असा, की ट्रेलर दाखवायला, कलाकारांना भेटायला पैसे देऊ, मतासाठी देणार नाही. यात नीतीचा भाग आहेच, शिवाय व्यवहारही आहे: विकत घेतलेलं कौतुक एका सिनेमाला उपयोगी पडतं आणि पुढच्या दहा सिनेमांचं खरं कौतुक खोटं ठरवतं.

रिक्षावरचा भोंगा आणि भिंतीवरचं पोस्टर आता कशाला?

तालुक्याच्या गावी अजून लागतं. बाजाराच्या दिवशी रिक्षा फिरवली की सिनेमा कुठल्या थिएटरला, किती वाजता, हे चारशे माणसांच्या कानावर एका फेरीत जातं. मोबाईलवरची जाहिरात सिनेमाचं नाव सांगते, गावातलं थिएटर सांगत नाही. पोस्टर लावायला मी स्वतः गेलोय. रात्री अकरानंतर, बादलीत खळ, खांद्यावर शिडी. जुना कारागीर पोस्टरचा वरचा काठ आधी चिकटवायचा, मग तळहाताने मधून बाहेर असा हात फिरवायचा की एकही फुगा राहायचा नाही. हिरोचा चेहरा खांबामागे जाणार असेल तर तो भिंत सोडून द्यायचा. माध्यमांचं नियोजन म्हणून आज मोठ्या खोल्यांत जे चालतं, ते तो शिडीवरून करायचा. परवानगी नसलेल्या भिंतीला हात लावू नका, हेही त्यानेच मला शिकवलं.

माझ्याकडे पैसे अगदी थोडे आहेत. काय करू?

तुमचा प्रेक्षक कोण, हे एका वाक्यात लिहा. 'सगळे' असं उत्तर आलं तर पुन्हा लिहा. ३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा सहा बायकांची गोष्ट बघायला बायका घोळक्याने आल्या, साड्या नेसून, पूर्ण रांगा बुक करून. एका मैत्रिणीने जायचं ठरवलं की दहा तिकिटं जायची. तुमच्या सिनेमाचा असा घोळका कुठला? शेतकरी गट, नर्सेस, कबड्डीचे संघ, निवृत्त शिक्षक? त्यांच्यापर्यंत पोचायला होर्डिंग लागत नाही. महिनाभर आधीपासून फोन, भेटी आणि त्यांच्या कार्यक्रमात दहा मिनिटं ट्रेलर एवढं लागतं. आणि राज्यभर शंभर पडद्यांवर एकदम लावू नका. पाच शहरं धरा, तिथे माणसं आणा, त्या आकड्यावर पुढची शहरं मागा.

प्रेक्षक म्हणून मी काय करू शकतो?

बघायचाच असेल तर पहिल्या रविवारच्या आत बघा, आणि तिकीट आदल्या दिवशी काढा. आगाऊ गेलेल्या तिकिटांवर शो टिकतो. तुमच्या गावात सिनेमा लागला नसेल तर थिएटरच्या मॅनेजरला जाऊन विचारा, "हा सिनेमा आणणार का? आम्ही वीसजण येतो." वीस हा आकडा त्याला लगेच कळतो. आवडला तर त्याच रात्री चार जणांना फोन करा आणि थिएटरचं नाव, वेळ सांगा. सव्वादहाच्या त्या शोला तीन तिकिटं गेली होती. आणखी थोडी गेली असती, तर ते आईवडील आत बसले असते.